खाणीच्या पाण्याचा आकडा

संगणक उघडण्यापूर्वी तो पेटीवर तळवा ठेवून गाऱ्हाणं घालायचा. "बा राखणदारा, ह्या कार्डाची भास कंपनी सांगना, तूं तरी सांग रे म्हाराजा!" आणि ऑफिसातली आम्ही सगळी हातातलं काम टाकून ओरडायचो, "व्हय म्हाराजा!"

डिचोलीकडच्या एका खाणीचं ऑफिस. हा पेडण्याचा, संगणक सांभाळणारा. मी टायपिस्ट, जिभेनं तिखट. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी मोजणारं एक यंत्र होतं. त्याची तार संगणकातल्या एका परदेशी कार्डाला जोडलेली. जुना संगणक मेला, तेव्हा मॅनेजरनी नव्यावर लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली घालायला लावली. कार्डवाली कंपनी म्हणाली, आमचं कार्ड त्यावर चालणार नाही. आणि ते कसं चालतं, त्याची भाषा काय, तेही सांगणार नाही. आता बोला! शेवटी ह्यानंच चाचपडत, अंदाजानं प्रोग्राम लिहिला. पडद्यावर आकडा उमटला त्या दिवशी त्यानं सगळ्यांना भाजी-पाव खायला घातला.

स्वतः मात्र घासभरही खाल्ला नाही. "बाय, हें फटयता," मला म्हणाला. फसवतं म्हणजे काय, तर कार्ड मध्येच मुकं व्हायचं आणि पडद्यावर जुनाच आकडा राहायचा. मॅनेजरना सांगितलं, तर म्हणाले, "आकडा दिसतोय ना? मग झालं!" म्हणून हा पावसात छत्री घेऊन खड्ड्यात उतरायचा आणि तिथली रंगवलेली काठी बघून यायचा. "संगणक कशाला हवा? तूच बस तिथं जाऊन!" मी चिडवायची. हसायचा बिचारा. खोटं कशाला सांगू, मला तेव्हापासूनच भीती वाटत होती.

श्रावणातल्या त्या दुपारी पाऊस थांबायचं नाव घेईना. आकडा सकाळपासून तोच. चहा तसाच टाकून तो उठला. "बाय, इतल्या पावसांत पाणी वाडना कशें? सकयल माणसां आसात! मॅनेजराक फोन लाय." आणि छत्रीही न घेता खाली खड्ड्याकडे पळाला.

मॅनेजर पणजीत होते. "पडद्यावर काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. मी आकडा वाचला. "मग काम चालू दे."

फोन ठेवते न ठेवते, तोच खड्ड्याचा कडा कोसळल्याचा आवाज ऑफिसपर्यंत आला.

बऱ्याच वेळानं कोल्हापूर-बेळगावकडची खड्ड्यातली माणसं चिखलानं माखून दारात आली. सगळी आली. मुकादम धापा टाकत म्हणाला, "ताई, कॉम्प्युटरवाल्या सायबांनी हाकलून वर काढलं आमास्नी. ते आलं न्हवं हितं?"

मी पडद्याकडे बघितलं. पाणी अजून सकाळएवढंच होतं.