पाटावरचं माप

पवनीत तेजराम टेलरनं शिवलेली पँट घातलेला माणूस कमरेला हात लावत नाही. ती खाली घसरतच नाही, तर लावेल कशाला? असा हा मापाचा माणूस, आणि त्याच्याच घरातला स्वयंपाकाचा ओटा बायकोच्या छातीशी येतो, याला काय म्हणावं?

ओटा बांधला तेव्हा मिस्त्रीनं विचारलं होतं, उंची किती घ्यायची. घरधनी म्हणून तेजराम पुढे झाला. ताडमाड माणूस. कमरेशी तळहात आडवा धरून म्हणाला, "एवढी." पुढे ज्या माणसानं त्या ओट्यावर चहाचं पाणीसुद्धा उकळलं नाही, त्याची कंबर मापात कशाला, हे विचारायचं तेव्हा कोणाला सुचलं नाही. गोदावरीबाई घरात नव्या होत्या आणि बुटक्या होत्या. नवेपणा यथावकाश गेला, बुटकेपणा राहिला. त्यांनी लग्नातला सागवानी पाट आणला, मुठीएवढ्या उंचीचा, आणि ओट्यापुढे टाकला. ज्या पाटावर बसून संसार सुरू केला, त्याच्यावरच उभं राहून तो रांधला.

वीसेक वर्षं हे चाललं. शेगडीपुढून मोरीकडे जायचं तर उतरा, पाट पायानं सरकवा, पुन्हा चढा. भात उतरवायचा, चढा. मीठ राहिलं, उतरा. दिवसाकाठी गावचा परकोट चढून व्हावा एवढी चढ-उतार त्या घरबसल्या करत. आता गुडघे बोलायला लागले होते. मागच्या पोळ्याला तर पाट कलंडला आणि हातातली गरम भाताची गंजी सांडता सांडता वाचली.

अशात ओट्याचा कडप्पा शेगडीखाली तडकला. तेजरामनं जाहीर केलं, "ग्रॅनाईट टाकू. लांबी-रुंदी मी घेतली हाय. कैलाश मिस्त्री भंडाऱ्याहून कापून आनन, अन् बसवन."

"अन् उंची?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"उंचीले काय झालं?"

"मले ओटा खाली पाहिजे."

"ओटा हाय वो, पँट नाई, खालून दुमडायले."

"मंग तुमालेच जमन. दुमडन्यातच जिनगी गेली तुमची."

तेजरामला हे लागलं. त्यानं गळ्यातला टेप काढला. "ये, उभी राह्य ओट्यापाशी. टेप खोटं बोलत नाई."

गोदावरीबाई रोजच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. तेजरामनं कोपर मापलं, ओटा मापला आणि विजयी चेहऱ्यानं उभा राहिला. "कोपराच्या चार बोटं खाली ओटा. याच्यापरीस फिटिंग काय असते? तुले उगाच वाटून राहिलं."

गोदावरीबाईंनी वाकून पाहिलं. खरंच चार बोटं खाली. आता टेपच म्हणतो म्हटल्यावर काय बोलणार? पण गुडघे काही ऐकेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोछा मारायला त्यांनी पाट उचलून भिंतीला टेकवला. फरशी पुसून झाली, आणि ओट्यावरचा डबा घ्यायला हात टाकला तर कोपर सरळ कडप्प्याच्या काठाला आपटलं. त्यांनी कोपर चोळलं. काठाकडे पाहिलं. मग भिंतीला टेकून गरिबासारख्या बसलेल्या पाटाकडे पाहिलं.

"अरे मेल्या," त्या पाटाला म्हणाल्या.

कैलाश मिस्त्री आजच भंडाऱ्याला निघणार होता. एकदा ग्रॅनाईट बसलं, की उरलेला जन्म पाटावर. गोदावरीबाईंनी पाट काखेत मारला आणि भर बाजारातून निघाल्या. वाटेत शेजारच्या उषाबाईंनी विचारलं, "पूजा हाय काय वो कोनाकडं?"

"हो," त्या न थांबता म्हणाल्या, "घालून येतो."

दुकानात तेजराम एका गिऱ्हाइकाचं माप घेत होता आणि नेहमीचं वाक्य म्हणत होता, "चप्पल काढा भाऊ. चपलीवर माप चुकते." बाकावर कैलाश मापाची चिठ्ठी खिशात घालत होता. गोदावरीबाईंनी पाट धाडकन जमिनीवर टाकला.

"गिऱ्हाइकाले चप्पल काढायले लावता जी," त्या म्हणाल्या, "अन् मले काल कायवर उभी करून मापलं?"

तेजरामनं पाटाकडे पाहिलं. गिऱ्हाइकानं आपल्या चपलांकडे पाहिलं. सगळ्यात आधी कैलाशला उमगलं आणि तो मांडीवर थाप मारून हसला. "काकाजी! तुमी काकीले पाटासकट मापलं जी!"

"मंग पाट हाय ना," तेजराम पुटपुटला. "चालते तं."

"पाट चालत नाई. मलेच सरकवा लागते त्याले."

कैलाश हसणं आवरून मिस्त्री झाला. "पन काकी, खालच्या भिंती छाटा लागतीन. अन् सिलेंडर बसन काय?"

"रेगुलेटरसकट मापून पाह्यलं मी. वर बोटं घालायले जागा राह्यते."

"अन् टाइल्सच्या खाली पट्टी उघडी पडन. तशा टाइल्स आता भेटत नाईत."

"पडू दे."

कैलाशनं सवयीनं तेजरामकडे पाहिलं. "काय करू, काकाजी?"

"तिकडं काय पाह्यतं?" गोदावरीबाई म्हणाल्या. "ओट्यापुढं कोन उभं राह्यते?"

गिऱ्हाईक आता पँट विसरून ऐकत होतं. दुकानाची अब्रू होती. तेजरामनं घसा साफ केला, गळ्यातला टेप काढला आणि बायकोच्या पायांकडे न पाहता म्हणाला, "चप्पल काढ वो."

त्यांनी चप्पल काढली. तेजराम गुडघ्यावर बसला, टेपचं टोक फरशीला टेकवलं, कोपरापर्यंत नेलं, दोनदा पाहिलं आणि चार बोटं वजा केली. एवढ्या वर्षांत बायको इतकी खाली असते हे त्याला पहिल्यांदाच कळलं असावं.

"एकतीस," तो कैलाशला म्हणाला. "चिठ्ठीवरचं जुनं माप खोडून टाक."

ग्रॅनाईट बसलं. पहिल्या चहाला गोदावरीबाईंचा पाय पाट चढायला आपोआप उचलला गेला आणि खाली फरशीवर थपकन पडला. पातेल्यातला चहा त्यांना वरून पूर्ण दिसत होता. पुढे एकदा त्या गुड्डीकडे, लेकीकडे, वरठीला गेल्या, तेव्हा तेजरामला स्वतः चहा करावा लागला. त्या परतल्यावर तो कंबर धरून म्हणाला, "मले खाली होते वो हा ओटा."

"खड्डा खना," गोदावरीबाई म्हणाल्या.

टाइल्सखालची मुठीएवढी सिमेंटची पट्टी अजून तशीच उघडी आहे. परवा उषाबाईंना ती दिसली. "एवढं राहून गेलं काय वो?"

"राह्यलं नाई," गोदावरीबाई पाटावर बसून तांदूळ निवडत म्हणाल्या. "तिथं हा पाट होता."