कच्च्या पाण्याची कढी

“टायफॉइड आहे. तुमच्याकडे मुदतीचा ताप म्हणतात तो,” डॉक्टर म्हणाले. खाटेवर पडलेल्या सुमतीकडे, माझ्या बायकोकडे, मी बघितले नाही.

“कच्च्या पाण्यातले काही पोटात गेले? सरबत, ताक, कढी?”

“नाही. आमच्या खाणावळीत पाणी उकळून देतो.”

अगदीच खोटे नव्हते. मालवणात धक्क्याजवळ आमची खाणावळ. मोरीचे पाणी विहिरीत पाझरते, उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका, असे सॅनिटरी इन्स्पेक्टर तपासणीत बजावून गेले होते. तेव्हापासून प्यायचे पाणी उकळत होतो. सोलकढीला मात्र विहिरीचे कच्चेच. उकळलेले पाणी निवेपर्यंत गिऱ्हाईक थांबते कशाला? शिवाय सोलांच्या आंबटात काय जगणार, अशी माझी समजूत.

सुमती म्हणाली होती, “सायबान सगळा पाणी उकळूक सांगल्यान.”

“कढी म्हणजे पाणी काय गो?” मी तिलाच हसलो होतो.

सगळे जेवून गेले की उरलेली कढी तीच प्यायची.

क्लोरॅम्फेनिकॉल, म्हणजे या तापाचे जंतू मारणारे औषध, बाहेरगावाहून यायचे होते. मी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून राहायचो. खरे सांगितले तर खाणावळ बंद होणार, एवढेच डोक्यात. तिकडे खाणावळीत माझी भावजय माझ्याच रीतीने कढी करीत होती.

मग तातूला आणले. तातू खलाशी, रोज आमच्याकडे जेवणारा. त्यालाही तोच ताप. मला बघून ओठ ओले करीत म्हणाला, “मालक, वयनीक कढी हाडशात तेवा माकाय वाटीभर हाडा. तोंडाक चव नाय.”

वाटीभर कढी आणतो म्हणून मी मान डोलावली. तेव्हाही बोललो नाही.

त्याला पर्फोरेशन झाले, म्हणजे आतड्याला भोक पडले. तो गेला.

नर्सकडून सुमतीला कळले. तिला धड कुशीवर वळता येत नव्हते. भिंतीकडे बघत म्हणाली, “तुमी सांगतास, की मी सांगू?”

मी सांगितले. डॉक्टर ओरडतील असे वाटले होते. ते म्हणाले, “तातू आधीच आजारी होता. पण तुम्ही गप्प बसलात त्या दिवसांत कितीजण कढी प्याले?”

मी उठलो. धावत खाणावळीत जाऊन कढीचे पातेले मोरीत ओतले. त्याच मोरीत, जिचे पाणी विहिरीत जात होते. एवढीच माझी अक्कल. पुढे इन्स्पेक्टरांनी विहीर बंद केली आणि खाणावळही कितीतरी महिने बंद राहिली.

सुमती वाचली. डॉक्टरांचे आणि तिचे, दोघांचेही उपकार आहेत माझ्यावर. तापात तिचे केस गेले ते पुन्हा आले. तातूची आई अजून दारावरून जाते, विचारपूस करते. तिला मी काही सांगितलेले नाही. हे छापून आले की आधी तिच्याकडे जाऊन वाचून दाखवणार आहे.

तुमच्या घरी असा ताप आला आणि डॉक्टरांनी विचारले, तर विचारतील तेवढेच सांगू नका. सगळे सांगा.

आता कढीचे पाणी आदल्या रात्री उकळून ठेवतो. जुनी गिऱ्हाइके म्हणतात, “मालक, कढयेक पयली चव नाय रे.”

नसू दे.