तमाराची मैत्रीण लिडा

संघमित्रा कामावरून आली की आधी माझं दार वाजवते, मग स्वतःचं उघडते. नागपूरच्या इंदोऱ्याची पोर, इथे अमेरिकेत वेस्ट विंडसरला एका संशोधन केंद्रात नोकरीला. मनाच्या आजाराची लक्षणं विचारणारी एक प्रश्नावली आहे. ती रशियन बोलणाऱ्यांना नीट कळेल अशी करायची, हे तिचं काम. भाषांतर दुसऱ्यांनी केलेलं. ही माणसांसमोर बसून विचारते, प्रश्न वाचून तुमच्या मनात काय आलं?

वरच्या मजल्यावरची रशियन तमारा अशा मुलाखतीला तयार झाली, पण मी सोबत बसेन या अटीवर. म्हाताऱ्यांच्या डे केअरला आम्ही एकाच बसने जातो. प्रश्न रशियनमध्ये, पण तमाराचं प्रत्येकाला मोडक्या इंग्रजीत एकच उत्तर, "कधीच नाही." झोप छान, भूक छान. आणि कोट तर अंगावर लोंबायला लागला होता. आदल्या आठवड्यात तिने आपले चांदीचे चमचे मला देऊन टाकले होते.

खाली आल्यावर संघमित्राने चहाचा कप बाजूला सारला.

"मावशी, हे असंच सबमिट केलं तर कागदावर ती ठणठणीत. कोणी विचारायलाही येणार नाही."

"मग सरळ विचार."

"विचारलं ना, तुम्ही जिन्याकडे निघालात तेव्हा. म्हणाली, आमच्याकडे सोव्हिएत काळात हो म्हटलं की वेड्यांच्या दवाखान्याच्या यादीत नाव लागायचं. मग नोकरी गेली, गाडीचं लायसन्स गेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत वर गेलो. संघमित्राने पेन पर्समध्ये टाकलं.

"तमारा, तुमचं राहू द्या. तुमच्या ओळखीची एखादी बाई या प्रश्नाला काय म्हणेल?"

तमारा टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करत राहिली. "माझी एक मैत्रीण आहे, लिडा. ती पहाटेच जागी होते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. तिला वाटतं, एखाद्या दिवशी जाग आलीच नाही तर बरं."

तमाराकडे येणारं-जाणारं प्रत्येक माणूस मला माहीत. मी 'कोण लिडा' म्हणणार, तेवढ्यात टेबलाखाली संघमित्राने माझा पाय दाबला. मग माझ्याही लक्षात आलं. माझा उभा जन्म रंगमंचावर गेला. दुसऱ्याचं नाव लावलं की माणसाचा आवाज किती मोकळा होतो, हे मी विसरावं?

"लिडाने जिवाचं काही बरंवाईट करायचं ठरवलंय का?" संघमित्राने विचारलं.

"नाही. लिडा भित्री आहे."

"तिला म्हणावं, रशियन बोलणारी एक डॉक्टर आहे. मी आत्ताच फोन करून उद्याची वेळ घेते. ड्राइव्ह मी करेन. सुमित्रामावशी पण येतील."

"सुमित्रा वाटभर बडबडेल," तमारा म्हणाली. "बघते. विचारते तिला."

सकाळी आम्ही गाडीत बसून होतो. वरचा पडदा बंद. संघमित्राची नजर त्यावरून हलत नव्हती.

"नाही आली तर, मावशी?"

मी मागची सीट रिकामी करायला लागले.

शेवटी खालचं दार उघडलं. तोच ढगळ कोट, ओठांना लिपस्टिक.

"लिडाला यायचं नव्हतं," तमारा म्हणाली. "म्हटलं, तिच्या जागी मी जाते."

संघमित्राने तिच्यासाठी दार उघडलं. मी हायवे लागेपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

"सुमित्रा," तमाराने मागून विचारलं, "तुला बरं नाही का?"