कोरायचं नाही, असं सेगावा सेन्सेई म्हणाले

आमच्या दातांच्या डॉक्टरांचा, सेगावा सेन्सेईंचा, हात हलका. मी अठ्ठावीस वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून लाळ ओढायची नळी धरली आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. डाग दिसला की कोरायचा, सिमेंट भरायचं, पुढच्याला बोलवायचं. मुराकामी गावातल्या लोकांनाही डॉक्टर असाच हवा असायचा.

तांदळाच्या पाकाच्या गोळ्या करणाऱ्या तोयोजीसानला तर फारच. पाक कधी उतरवायचा ते जिभेवर ठरतं, म्हणून त्याच्या तोंडात सकाळपासून गोड. दर वर्षी एखादा किडका दात घेऊन यायचा आणि बाहेर बसलेल्यांना अभिमानाने सांगायचा, "माझं निम्मं तोंड सेन्सेईंनी बांधलंय!"

एका शरद ऋतूत तो मुलीला घेऊन आला. चिनात्सु तेवीस वर्षांची, दोन वर्षांपासून बापाबरोबर कढईपाशी उभी राहणारी.

"सहा डाग आहेत," तोयोजीसान म्हणाला. "नवीन वर्षाची गर्दी सुरू व्हायच्या आत सगळे कोरून टाका."

सेन्सेईंनी दात वाळवून पाहिले, एक्स-रे काढला. डाग खडूसारखे पांढरे होते, पण खड्डा कुठेच पडला नव्हता. तरुण डॉक्टर असे दात कोरत नाहीत, हे सेन्सेई डॉक्टरांच्या सभांमधून ऐकून यायचे आणि माझ्यापाशी कुरकुरायचे, "नुसतं बघत बसायचं तर डॉक्टर कशाला हवा?"

त्या दिवशी मात्र ते मला म्हणाले, "सानाएसान, तोयोजीसानचं कार्ड काढा."

उजवीकडची खालची दाढ. आधी छोटा डाग, भरला. सहा वर्षांनी सिमेंट निघालं, मोठं भरलं. मग नस काढली, मग वर कॅप. मागच्या वर्षी दाढच काढली. सगळं सेन्सेईंच्याच अक्षरात. ते बराच वेळ वाचत राहिले, मग ड्रिल जागेवर ठेवलं.

"कोरायचं नाही," ते म्हणाले. "फ्लोराइडचा लेप लावू. चिनात्सु, पाक चाखलास की लगेच पाण्याने चूळ भरायची. रात्री नीट ब्रश, आणि दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं."

"एवढंच?" तोयोजीसान ताडकन उठला. "हात थरथरायला लागलाय का तुमचा? तसं सांगा, दुसरा डॉक्टर बघतो."

"बाबा, दात माझे आहेत," चिनात्सु खुर्चीतूनच म्हणाली. "लावा सेन्सेई."

ती न चुकता येत राहिली. सेन्सेई दर वेळी डागांचे फोटो काढायचे, जुन्यांशेजारी ठेवून पाहायचे. दीड वर्षात पाच डाग कडक होऊन चकाकले. सहाव्याला खड्डा पडलाच. तो त्यांनी कोरला, पण अगदी जेवढ्यास तेवढा. त्या दिवशी बापही तिच्यासोबत आला होता.

"म्हटलं नव्हतं मी?" तो खूश होऊन म्हणाला.

"म्हटलं होतंत. सहातला एक. उरलेले पाच बघा." सेन्सेईंनी फोटो पुढे केले.

त्याने चष्मा वर करून करून ते पाहिले. कबूल काहीच केलं नाही. मुलगी उठल्यावर मात्र स्वतः खुर्चीत बसला. "माझी हिरडी खाली गेलीय, मुळाशी किडलंय. त्यावर काही लावता येतं का?"

"येतं. चांदीचं औषध आहे, त्याने कीड थांबू शकते. पण ती जागा काळी पडेल."

"पडू दे. तिथपर्यंत वाकून बघायला कोण येतंय?"

सेन्सेईंनी कापूस उचलला आणि तसाच हातात धरून थांबले.

"तोयोजीसान, तुमची ती दाढ. पहिल्यांदा आलात तेव्हा मी ती कोरली नसती, तर कदाचित आज तोंडात असती. माफ करा."

मी नळी धरून खाली पाहत राहिले. इतक्या वर्षांत पेशंटची माफी मागताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

"काय सेन्सेई," तोयोजीसान म्हणाला, "तेव्हा थांबा म्हणाला असतात, तर मी तसाच पलीकडच्या गल्लीत जाऊन कोरून घेतली असती. लावा आता ते काळं."

आणि त्याने आ केला.