कोंबड्यांना परात नको होती

सोनिवलीत परसात कोंबड्या पाळल्या होत्या, तेव्हा एकदा मी बाजारचं खाद्य बंद केलं आणि मका, बाजरी, तूरचुरी यांचा भरडा घरीच केला. कोंबड्यांनी परातीतला मका तेवढा वेचला, बाकीचं उधळलं. अंडीही कमी झाली.

नवरा म्हणाला, "तुझा हट्ट पुरे. उद्या उल्हासनगरहून तयार खाद्याची गोणी आणतो."

वैतागून मी परात पालापाचोळ्यावर उपडी केली. कोंबड्या लगेच तुटून पडल्या. पाला उकरून, एकमेकींना ढकलून त्यांनी संध्याकाळपर्यंत तुरीचा कणही ठेवला नाही.

"परातीत काय वाईट होतं गं?" नवऱ्याने एकीला विचारलं.

"आयतं होतं," मी म्हणाले.

गोणी आली नाही. आयत्याला नाही म्हणणारं आमच्या घरात कोंबड्यांशिवाय कोणी नाही.