खुंटीवरची माळ

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी मॅडम गळ्यातली तुळशीची माळ काढून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायच्या आणि तिच्याकडे पाठ करून हातमोजे घालायच्या. तुम्ही म्हणाल, माळ घातलेलं माणूस ती मरेपर्यंत काढत नाही. बरोबर. म्हणूनच तर आम्ही सगळे नेमके तेव्हाच भिंतीवरचं घड्याळ बघायचो. वेळेची एवढी काळजी सबंध कारेगावात कुणाला नसेल.

मी तिथल्या औषधाच्या कंपनीत स्टोअर सांभाळत होतो. मॅडम पाबळच्या, घरी झेंडू-शेवंतीची शेती. काम काय करता विचारलं की त्या म्हणायच्या, "पेशीच्या कातडीवर कान असतो. इन्सुलिन त्या कानात सांगतं, साखर आलीय, दार उघड. कान बहिरा झाला, की साखर रक्तातच हिंडते." तो कान पांढऱ्या उंदराच्या यकृतातून काढायचा, त्यासाठी आधी उंदीर मारायचा. हे शेवटचं त्या सांगत नसत.

मी मात्र स्टोअरमधलं नरसाळं कानाला लावून या कानाचा खेळ येईल त्याला करून दाखवायचो. साखर मी, दार मी, बहिरी पेशीही मीच. मॅडम हसून म्हणायच्या, "पुरे आता, पेशी दमली."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना कंपनी बघायला बोलवायचे. त्या वर्षी मॅडमच्या आई, म्हणजे आमच्या मावशी, शेतातल्या झेंडूचे हार घेऊन आल्या. त्यांना स्वतःला जुनी साखर. माझा खेळ बघून पदराआड खूप हसल्या. मग यंत्राला हार घालून वळल्या, तो समोर खुंटीवर माळ. सकाळी उंदरांना दाणापाणी करून आलेल्या मॅडम पूजेच्या गडबडीत ती घालायला विसरल्या होत्या.

"ही तर मी ओवलेली हाय," मावशी म्हणाल्या. "हितं का टांगलीस?"

मॅडमनी मान खाली घातली. "आत उंदीर मारते आई. गळ्यात असली की हात चालत न्हाई."

नरसाळं माझ्या हातातच होतं. ते कुठं ठेवावं कळेना.

"म्हंजी घरी मला फसवतीस आन् हितं देवाला," मावशी हळूच म्हणाल्या. "मारायचंच आसंल तर गळ्यात ठिवून मार."

जेवणाआधी त्यांनी पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं आणि हातातच धरून बसल्या. "ह्याच्यापायी बी मेलं आसतील का गं?"

"व्हय."

मावशींनी पेन लेकीपुढं केलं. रोज स्वतः टोचणाऱ्या बाईनं त्या दिवशी पोटावरचा पदर बाजूला केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मॅडमनी टोचलं. गाभाऱ्यात बोलावं तशा हळू आवाजात मावशी म्हणाल्या, "झालं?"

दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी मॅडम माळ घालून उंदरांच्या खोलीत गेल्या. काम नेहमीसारखं झालं. बाहेर आल्या तेव्हा एका हातानं माळ मुठीत धरलेली होती, आणि या वेळी त्या सरळ आमच्याकडं बघत होत्या. आम्हाला घड्याळ सापडेना.

पुढं त्या दौंडच्या कॉलेजात शिकवायला गेल्या. नरसाळं परत तेलाच्या डब्याकडं गेलं. खुंटी रिकामीच आहे. नव्या पोरांना मागचं काही ठाऊक नाही, पण ॲप्रन तिच्यावर कुणी अडकवायला लागलं, की मी म्हणतो, "तिथं नको."

ते कारण विचारतात. मी घड्याळ बघतो.