उघड्या पाठीचा ड्रेस

पनवेलच्या भाजीबाजारात मनिषाला ओळखत नाही असा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर खोटारडा. चव्वेचाळीस वर्षांची आगरी बाई, अंगानं आडवी, स्कूटीवरून कोथिंबिरीची जुडी घ्यायला येते, ती चाळीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या कुणा श्रीमंत बाईनं मेजवानीला मिरवला असेल असा ड्रेस घालून. पायात मात्र रबरी चप्पल. पोरं हसतात, म्हाताऱ्या कपाळावर हात मारून घेतात. मनिषा दोघांनाही बोट दाखवते आणि भाव करत राहते.

तिचा गाळा खारघरच्या वाटेवर, भावाच्या इमारतीत तळमजल्याला. पाटीवर ‘अल्टरेशन’ लिहिलंय. खरी दौलत आत, लोखंडी कपाटात. ती आणून दिली एका बोहारणीनं. टॉवरमधल्या बायकांना स्टीलची पातेली देऊन जुने कपडे गोळा करणारी ही बाई फाटक्या गाठोड्यातून एकदा एक काळा रेशमी ड्रेस मनिषाच्या टेबलावर टाकून म्हणाली, “ह्याला गिऱ्हाईक नाही मिळत. बघ, पिशव्या शिवशील तर.” मनिषानं तो उलटा केला आणि उलटाच धरून बराच वेळ बसली. आतली शिवण बाहेरच्यासारखीच स्वच्छ. तुरपाई हातची, टाका शोधायला चष्मा लागावा अशी. घेर वाऱ्यानं उडू नये म्हणून काठात वजनं शिवलेली. आणि दोन्ही बाजूंना शिवणीत दीड-दीड इंच माया, जादा कापड, सोडलेली, म्हणजे बाई जाड झाली तरी ड्रेस सैल करून घालता यावा.

ही माया बघून मनिषाचं डोकं फिरलं ते आजतागायत ताळ्यावर आलेलं नाही. हल्लीचा तयार ड्रेस उसवून बघा. काठाला ओव्हरलॉक, बोटभर कापड शिल्लक नाही. तुमचं अंग बदललं की तो तुम्हाला हाकलून देतो. जुना ड्रेस थांबतो, जागा करून देतो. कुणीतरी एका बाईला समोर उभी करून, तिचे खांदे, तिचं पोट, तिची बसायची पद्धत बघून तो कापलेला असतो. खारघरच्या कॉलेजच्या पोरी फोटो काढायला हे ड्रेस भाड्यानं न्यायला लागल्या त्या उगाच नाही. घालून आरशासमोर उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज खाली येतो. “आत्या, यात मी कोणीतरी वाटते,” असं एक पोरगी म्हणाली होती. मनिषानं तिला भाडं माफ केलं होतं.

मनिषाला स्वतःला कोणीतरी वाटायला छत्तिसाव्या वर्षी बोहारणीचं ते गाठोडं यावं लागलं. त्याच्या आधीचं सांगायला हवं आणि ते गोड सांगता येणार नाही.

विसाव्या वर्षी तिला दीपेशला दिली. घर तालेवार, दारात डंपर, विमानतळाच्या भरावाची कामं. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात ती घरातला लांब गाऊन घालून ओट्यावर उभी राहिली म्हणून त्यानं तिला डंपरच्या फॅनबेल्टनं मारलं. त्या पट्ट्याला आतून दाते असतात. वळ उठतो तो शिडीसारखा, आडव्या पायऱ्यांसकट. पुढं कारण लागेनासं झालं. भाकरी करपली, हसली, हसली नाही. एकदा त्यानं तिचीच इस्त्री तापवून उजव्या खांद्याखाली टेकवली आणि चामडी जळल्याचा वास आल्यावरही तीनपर्यंत मोजत उभा राहिला. सातव्या वर्षी भर दुपारी त्यानं तिचं शिवणयंत्र गॅलरीतून खाली फेकलं. मनिषाच्या हातात कात्री होती. ती तिनं त्याच्या मांडीत मुठीपर्यंत घातली, फिरवली आणि अनवाणी माहेरी आली. दीपेश अजून लंगडतो. खदानीत अपघात झाला असं लोकांना सांगतो. बायकोनं भोसकलं असं सांगायला छाती लागते.

माहेरी आली तेव्हा आईनं, गुणाबाईनं, पाठीला तेल लावलं आणि लावता लावता सांगितलं, “बाय, झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात बोलू नको.” भाऊ विनायक म्हणाला, “कोर्टाची पायरी नको, मने. मी हाय ना.” तो होता, खोटं कशाला बोला. गाळा त्यानंच दिला, जेवायला कधी कमी केलं नाही. पण पाठ झाकायची हे घरात ठरून गेलं. मनिषाचे सगळे ब्लाउज मानेपर्यंत बंद. दीपेशनं काडीमोड दिला नाही, उरणला दुसरी ठेवली. विनायक आणि दीपेश पुढं एकाच कामावर डंपर लावू लागले, चहा प्यायला लागले. आत्याचं काय झालं असं पोरांनी विचारलं की उत्तर एकच, आत्याचं जमलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून सगळे गप्प बसले, आणि मला विचाराल तर त्या पट्ट्याइतकाच ह्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

विनायकची मुलगी मनस्वी आत्याच्या अंगाखांद्यावर वाढली. बावीस वर्षांची, बीकॉम झालेली, तोंडाळ, लाडकी. ती कॉलेजात प्रेमात पडली ती नेमकी आर्यनच्या. आर्यन म्हणजे दीपेशचा सख्खा पुतण्या. सांगणार कोण? जमलं नाही एवढंच तिला माहीत. विनायकला तर आकाश ठेंगणं झालं. दोन घरं जुळणार, कामं वाढणार.

हळदीच्या चार दिवस आधी मनस्वी ब्लाउजचं फिटिंग बघायला गाळ्यात आली. मनिषानं बाही वर सरकवली आणि टेप हातातच राहिला. दंडावर चार बोटांचे निळे ठसे, मागच्या बाजूला अंगठ्याचा.

“काय गो हा?”

“काही नाही गं आत्या. मी फोन उचलला नव्हता. तो थोडा पझेसिव्ह आहे. नंतर रडला बिचारा, सॉरी म्हणाला.”

“दीपेशबी रडायचा,” मनिषा म्हणाली.

“प्लीज, तुझं आणि माझं कंपेअर करू नकोस. तुमचं जमलं नाही म्हणून काय सगळे तसेच का?”

त्याच संध्याकाळी मनिषा भावापुढं उभी राहिली. विनायक मंडपवाल्याशी फोनवर बोलत होता. ऐकून घेतलं आणि टेबलावर मूठ आपटली. “पत्रिका वाटून झाल्यात. पोरं भांडतात लग्नाआधी. तुजा जमला नाय म्हनून तिचाबी जमनार नाय, असा हाय काय? एक शब्द बाहेर काढू नको, मने. माज्या पोरीच्या लग्नात इघ्न आनू नको.”

मनिषानं शब्द काढला नाही. तिनं कपाट उघडलं आणि हिरवा ड्रेस बाहेर काढला.

शेवाळी हिरव्या रेशमाचा हा ड्रेस आठ वर्षं कपाटात होता. तिनं तो कधी घातला नव्हता आणि कुणाला भाड्यानंही दिला नव्हता. पुढून अगदी सोज्वळ, गळा बंद, बाह्या मनगटापर्यंत. मागून मात्र मानेवर एक हुक आणि तिथून खाली कमरेपर्यंत काहीच नाही. बाई समोरून आली तर कुणी वळून बघू नये आणि पाठ फिरवून गेली तर कुणाला नजर काढता येऊ नये, असा कापलेला. शिवून घेणारी बाई कधीच गेली, शिवणाऱ्याचं दुकानही गेलं. ड्रेसचा टाका जागचा हलला नव्हता. मनिषानं त्याला दुसरं काही केलं नाही, फक्त कडेची माया उसवली आणि आपल्या मापाचा करून घेतला.

आमच्याकडं हळदीला घरच्या सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या असतात. ह्या हळदीचा रंग पिवळा, काठ जांभळे. दुपारी चारला मंडप भरला, डीजे थरथरायला लागला, नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. पुढं लंगडत दीपेश, मागं गॉगल लावून आर्यन. आणि तीसभर पिवळ्या साड्यांमधून मनिषा हिरव्या रेशमात चालत आली. केस वर बांधलेले, पाठ उघडी.

विनायक धावत आला, खांद्यावरचा टॉवेल तिच्या पाठीवर टाकून दातओठ खात म्हणाला, “आत जा. साडी नेस.” तिनं टॉवेल काढून त्याच्याच हातात दिला.

“हळद लावायला आलेय मी. आत्या हाय.”

“तू कशी लावशील? तू तर...” एक चुलती म्हणाली आणि अडली. हळद सवाष्णींनी लावायची. विधवेला मनाई, काडीमोड झालेलीला मनाई. मनिषा ह्यातली कोणीच नव्हती. दुसरी म्हातारी शांतपणे म्हणाली, “नवरा जित्ता हाय ना तिचा? त्यो काय समोर उभा. मंग सवाष्णच.” ज्या नवऱ्यानं काडीमोड न देऊन तिला बांधून ठेवलं, त्यानंच तिची वाट मोकळी केली. चुलती बाजूला झाली.

मनिषा पाटावर बसलेल्या मनस्वीसमोर गेली आणि वाकली. मंडपाकडं तिची पाठ. कॅमेरावाला आपलं काम चोख करणारा माणूस, त्यानं नवरीकडं झूम केला आणि स्टेजशेजारच्या बारा फुटी पडद्यावर मनिषाची पाठ आली. मानेपासून कमरेपर्यंत शिड्याच शिड्या, एकीवर एक चढलेल्या, आणि उजव्या खांद्याखाली इस्त्रीचं काळं टोक. आधी पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग शिट्ट्या बंद झाल्या. डीजेवाल्यानं कुणी न सांगता आवाज बंद केला.

“आत्या, हे काय आहे?” मनस्वी पडद्याकडं बघत म्हणाली.

“जमला नाय तो हा,” मनिषा म्हणाली आणि तिच्या गालाला हळद लावली.

दीपेश येईपर्यंत कुणी हललं नाही. तो लंगडत आला आणि चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. “आमच्या घराची अब्रू काढतेस? तुला जित्ती सोडली तीच चूक झाली!” त्यानं मागून मानेजवळ ड्रेसला हात घातला आणि ओढलं. आजचा ड्रेस असता तर चिंधी हातात आली असती. हा फाटला नाही. हुक तुटला नाही. कॉलर गळ्यात रुतली, मनिषाचे डोळे पांढरे झाले, ती गुडघ्यांवर आली. त्यानं तिचं डोकं पाटाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा. भुवई फुटली आणि रक्त हिरव्या रेशमावर ओघळलं. पडद्यावर हे सगळं बारा फुटी दिसत होतं. चारशे माणसं होती मंडपात. पुढं आला तो फक्त विनायक आणि तोही टॉवेल घेऊन, तिची पाठ झाकायला.

आर्यन मनस्वीच्या शेजारी आला होता. त्यानं तिचा तोच दंड पकडला आणि खाली वाकून, समजावल्यासारखं बोलला. “बघून ठेव. बाईनं तोंड उघडलं की असं होतं.”

मनस्वीनं समोरची हळदीची पितळी परात उचलली आणि त्याच्या तोंडावर घातली. कडेनं घातली. गॉगल फुटला, नाक फुटलं. आर्यननं एका हातानं रक्त पुसलं आणि दुसऱ्या हातानं सगळ्या गावासमोर, तिच्या बापासमोर, हळदीच्या पाटावर बसलेल्या नवरीच्या थोबाडीत दिली.

तेव्हा विनायकच्या हातून टॉवेल पडला. बहिणीच्या पाठीला जे सतरा वर्षांत जमलं नाही ते मुलीच्या गालानं एका क्षणात केलं. तो आर्यनवर तुटून पडला आणि दात पडेपर्यंत मारत राहिला. लोखंडी खुर्ची उचलून तो दीपेशच्या चांगल्या पायावर गेला. मग दोन्हीकडची माणसं भिडली, खुर्च्या उडाल्या, पडदा कोसळला, कुणाचं डोकं, कुणाचा हात. मनिषा खोकत, श्वास ओढत पाटाला टेकून बसली होती आणि मनस्वी तिच्या अंगावर आडवी पडली होती, कुणाची लाथ लागू नये म्हणून.

उष्टी हळद परत गेली. दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी झाल्या, दोन्हीकडचे लोक सरकारी दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर होते. मनिषाला भुवईला टाके पडले. सतरा वर्षांची तक्रार तिनं त्याच दिवशी लिहून दिली, आणि पुरावा दाखवा म्हटल्यावर बाई-शिपायापुढं पाठ फिरवली. विनायक दाराबाहेर बसला होता. आत आला तेव्हा त्याला सरळ बघता येईना. “मने, मीच तुजी पाठ झाकत रायलो,” एवढंच म्हणाला. “झाकलीस,” मनिषा म्हणाली. गावात अजून म्हणतात, त्या ड्रेसानं लगीन मोडला. म्हणोत. कुणीतरी कापडाला दोष दिला की माणसांना झोप चांगली लागते.

व्हिडिओ फिरला. खारघरच्या पोरींचे फोन आले, तो हिरवा ड्रेस भाड्यानं मिळेल का. मनिषानं नाही म्हणून सांगितलं. रक्ताचा डाग काढायला तिला आठवडा लागला, थंड पाणी, मीठ आणि नखानं.

महिन्यानं मनस्वी गाळ्यात आली. तोपर्यंत ती घरातून बाहेर पडली नव्हती, नीट जेवली नव्हती, कधी कधी आर्यनचा फोन येईल का म्हणून मोबाइलकडं बघायची, आणि हे कबूल करायची तिला लाज वाटायची. ती म्हणाली, “आत्या, मी घालून बघू?”

ड्रेस तिला सैल होत होता. मनिषानं दोन्ही बाजूंनी टाचण्या लावल्या आणि हुक लावायला मागं गेली. मानेपासून कमरेपर्यंत मनस्वीच्या पाठीवर काहीच नव्हतं. एक तीळ होता, लहानपणापासूनचा. मनिषानं तळहात त्या पाठीवर ठेवला, वरून खाली फिरवला, पुन्हा वर नेला, आणि गाळ्याचं शटर सताड उघडं असताना, रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ती मोठ्यानं रडायला लागली.